कारमधल्या सबवूफरचा बॉक्स कसा निवडावा: वॅट न वाढवता बेस वाढवायचा असेल तर

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जा. ऊफर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा आहे भो?" दुसरा, "कितीला पडेल?" बॉक्सचं कोणी विचारत नाही. दुकानात जो तयार पडलेला असतो तो डिक्कीत जातो. थोड्या दिवसांनी आवाज नुसताच घुमतो, गाण्यातला ठेका कळत नाही, म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर येतो. मग रात्री हेडलाइट बेसबरोबर लुकलुकायला लागतात म्हणून मोठी बॅटरी येते. पैसे जातात आणि मूळ दुखणं डिक्कीत तसंच राहतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी बॉक्स ठरवा, मग अ‍ॅम्प. योग्य मापाचा आणि योग्य प्रकारचा बॉक्स कामाच्या पट्ट्यात ३ डेसिबल सहज मिळवून देतो, आणि ३ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट करण्याइतका फरक. सुताराकडून बॉक्स करून घेणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

खानदेशात हे जास्तच लागू पडतं, कारण इथला उन्हाळा. ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजला तर साधारण २८ अँपिअर ओढतो. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर ४५च्या आसपास. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर असतो ६० ते ९० अँपिअरचा, आणि मे महिन्यात एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि दिवे त्यातला मोठा वाटा आधीच खात असतात. दुसरी गोष्ट सबवूफरच्या कॉइलची, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्याची. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल १२५ अंशांनी तापली तर रोध जवळपास दीडपट होतो आणि तोच अ‍ॅम्प तिला कमी वॅट देऊ शकतो. बाहेर ४५ अंश, बंद डिक्कीत ६०च्या वर, अशा ठिकाणी कॉइलची सुरुवातच तापलेल्या अवस्थेत होते. म्हणून कमी वॅटमध्ये जास्त आवाज देणारा बॉक्स ही इथे गरज आहे.

आधी एक नियम, मग टेप

केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे जे. अँटन हॉफमन. बॉक्सबद्दलचा 'आयर्न लॉ' त्यांच्या नावाने ओळखला जातो: छोटा बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. छोट्या बॉक्समधून खोल बेस हवा तर वॅट ओतावे लागतील. वॅट नाहीत आणि खोल बेस हवा तर डिक्की द्यावी लागेल. दुकानदार तिन्ही देतो म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जा.

आता टेप घेऊन डिक्की मोजा. रुंदी चाकांच्या फुगवट्यांच्या मधली घ्या. खोली वरची आणि खालची वेगवेगळी मोजा, कारण मागच्या सीटची पाठ तिरकी असते. उंची पार्सल ट्रेच्या खालपर्यंत. मोजताना स्टेपनी लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत ती डिक्कीच्या तळाखाली असते आणि वर बॉक्स कायमचा ठोकून टाकला की पंक्चर झाल्यावर भर उन्हात हायवेवर स्क्रू काढत बसावं लागतं. बॉक्स दोन पट्ट्यांनी बांधा आणि वायरला पटकन सुटणारा जोड ठेवा. पण बांधा नक्की. ८० सेंमी रुंदीच्या बॉक्सला नुसतं एमडीएफच (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) १६ किलोच्या घरात जातं, वर सबवूफरचं वजन. जोरात ब्रेक लागला तर हे सगळं मागच्या सीटवर आदळतं.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर टाकीला, तिच्या पट्ट्यांना किंवा व्हॉल्व्हजवळ काहीही स्क्रू करू नका आणि व्हॉल्व्हपुढची जागा मोकळी ठेवा. बहुतेक वेळा अशा गाडीत मोठ्या बॉक्सचा नाद सोडून सीटखालचा छोटा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (अ‍ॅम्प आतच असलेला) लावणं शहाणपणाचं. त्यात डिक्की हलत नाही, पण गाणं भरल्यासारखं वाटतं.

काय ऐकता?

हा प्रश्न फालतू वाटतो, पण बॉक्स यावरच ठरतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते. लग्नात वाजणाऱ्या अहिराणी डीजे गाण्यांतला इलेक्ट्रॉनिक ठोका बहुतेक ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो. हल्लीच्या हिप-हॉपमधला लांब घुमणारा बेस ३५ ते ५०मध्ये फिरतो. ढोलकी, तबल्याचा डग्गा, संबळ यांचा जीव त्याच्या वर असतो आणि तिथे खोलीपेक्षा थाप कुठे सुरू झाली, कुठे थांबली हे कळणं महत्त्वाचं.

भजन, गझल, जुनी गाणी, ढोलकी ऐकणाऱ्याने सील्ड, म्हणजे पूर्ण बंद, बॉक्सकडे जावं. डीजे आणि हिप-हॉपवाल्याने पोर्टेडकडे, म्हणजे हवा आत-बाहेर जायला नळी (पोर्ट) असलेल्या बॉक्सकडे. दोन्ही ऐकणारे बहुसंख्य आहेत. त्यांचा निकाल डिक्कीतली जागा लावते.

सबवूफरसोबतचा कागद

सबवूफरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं '१२०० वॅट मॅक्स' विसरा. आतल्या कागदावर बारीक अक्षरात थिएल-स्मॉल आकडे असतात. नेव्हिल थिएल या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये पोर्टेड बॉक्सचं गणित मांडलं, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेलं. तेव्हापासून बॉक्स अंदाजाने बांधायची गरज उरलेली नाही. आपल्याला यातले मोजकेच आकडे लागतात:

- एफएस: मोकळ्या हवेत सबवूफर स्वतःहून ज्या हर्ट्झला थरथरतो तो आकडा.
- क्यूटीएस आणि क्यूईएस: क्यूईएस म्हणजे कोनावर (सबवूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या शंकूवर) मॅग्नेटचा ताबा किती, क्यूटीएस म्हणजे मॅग्नेट आणि सस्पेन्शन (कोनाला धरणारा लवचिक भाग) दोघांचा मिळून किती. आकडा लहान तेवढा ताबा घट्ट.
- व्हास: सस्पेन्शनचा लवचिकपणा किती लिटर हवेच्या लवचिकपणाइतका आहे.
- एक्समॅक्स: आवाज न बिघडता कोन एका दिशेला किती मिलिमीटर जाऊ शकतो.
- आरएमएस वॅट: खरे वॅट.

कागदच नसेल, किंवा कागदावर फक्त वॅट आणि ओहम असतील, तर तो सबवूफर घेऊ नका. त्याचा बॉक्स कोणालाच नीट काढता येणार नाही.

पहिली चाळणी सोपी आहे. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५०च्या खाली आलं तर सील्ड, १००च्या वर आलं तर पोर्टेड, मधलं आलं तर दोन्ही चालतात. पुढचं सगळं गणित एकाच उदाहरणावर करू या, म्हणजे फरक दिसेल. १२ इंची सबवूफर धरा: एफएस २८, क्यूटीएस ०.४५, क्यूईएस ०.५०, व्हास ६० लिटर. २८ भागिले ०.५० म्हणजे ५६. दोन्ही दरवाजे उघडे.

सील्ड बॉक्स

चारी बाजूंनी बंद. आतली हवाच कोनाला स्प्रिंगसारखी आवरते. बांधायला सोपा, थोडी चूक माफ करणारा, आणि आपल्याकडच्या धुळीत कॉइलची मागची बाजू झाकून ठेवणारा. काळ्या मातीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीत हा फायदा छोटा नाही.

सूत्र असं: व्हास भागिले बॉक्सचे लिटर, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, त्याला क्यूटीएसने गुणा. येणारा आकडा म्हणजे क्यूटीसी. ०.७०७ला बेस सर्वांत सपाट उतरतो. ०.९-१.० कडे गेलं की मधल्या बेसला फुगवटा येतो आणि खालचा कापला जातो. त्याच वर्गमुळाने एफएसला गुणलं की बॉक्समधला रेझोनन्स, म्हणजे बॉक्समध्ये बसवल्यावर सबवूफर स्वतःहून थरथरतो तो हर्ट्झ, मिळतो.

आपल्या सबवूफरसाठी ४० लिटरमध्ये क्यूटीसी ०.७१ आणि रेझोनन्स ४४ हर्ट्झ. ३० लिटरमध्ये ०.७८ आणि ४८.५. २० लिटरमध्ये ०.९ आणि ५६. म्हणजे ४० वरून ३० लिटरवर आलं तर फारसं बिघडत नाही, पण २०वर आलं की ठोका वरच अडकतो. दुकानातले आटोपशीर तयार बॉक्स 'बूम बूम' का करतात याचं एक कारण इथे आहे.

मात्र गाडीत एक गोष्ट फुकट मिळते. केबिन छोटी आणि बंद असल्याने खालच्या फ्रिक्वेन्सीला आवाजाचा दाब आपोआप वाढतो. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली हा परिणाम सुरू होतो, आणि कागदावर तो दर सप्तकाला, म्हणजे हर्ट्झ निम्मे होतील तसा, १२ डेसिबलपर्यंत जातो. सील्ड बॉक्सही रेझोनन्सखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. दोन्ही एकमेकांना झाकतात. प्रत्यक्षात काचा, पत्रा आणि फटींतून बराच दाब निसटतो, तरी हॅचबॅक आणि एसयूव्हीत सील्ड बॉक्स घरातल्यापेक्षा खूप खोल वाजतो तो याच कारणाने. आणि गाडीत छाती हलवणारा तोच बॉक्स ट्रॅक्टरवर चढवला की मिळमिळीत वाटतो. उघड्यावर केबिनच नाही, तर मदत कुठून येणार?

पोर्टेड बॉक्स

कमी वॅटमध्ये आवाज, हे आपलं मूळ उद्दिष्ट धरलं तर जिंकतो हाच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती एका सुरात घुमते, तसंच बॉक्समधली हवा आणि पोर्टमधली हवा मिळून ठरावीक हर्ट्झला घुमतात; तो आकडा म्हणजे बॉक्सचं ट्यूनिंग. कोनाच्या मागच्या बाजूचा आवाज, जो सील्डमध्ये वाया जातो, तो पोर्टमधून कामाला येतो. ट्यूनिंगच्या आसपास ३ डेसिबल, कधी जास्तही, याच जोरावर मिळतात, आणि तेव्हा कोन मात्र जेमतेम हलतो.

किंमत काय? बॉक्स मोठा लागतो, मापं चुकलेली चालत नाहीत, आणि ट्यूनिंगच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. त्याहून वाईट म्हणजे तिथे कोनाला आवरायला हवाच उरत नाही. तो एक्समॅक्सच्या पलीकडे फेकला जातो आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटायला लागते. म्हणून अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचे सूर कापणारा) नसेल तर पोर्टेडच्या वाटेला जाऊ नका. ३५ला ट्यून केलं असेल तर फिल्टर २८-३०वर ठेवा.

ट्यूनिंग किती? डीजे गाणी जास्त असतील तर ३८-४०, सगळं थोडं थोडं असेल तर ३४-३६. ४५च्या वर ट्यून केलेला बॉक्स एकच सूर धरून बसतो. प्रत्येक गाणं सारखंच वाजतं.

पोर्टच्या लांबीचं सूत्र सेंटिमीटर आणि लिटरमध्ये असं: २३५६२.५ गुणिले पोर्टच्या आतल्या व्यासाचा वर्ग, भागिले ट्यूनिंगचा वर्ग गुणिले बॉक्सचे लिटर. जे येईल त्यातून व्यासाची ०.७३२ पट वजा करा.

आपल्या १२ इंचीला ५० लिटर देऊन ३५ला ट्यून करू. पोर्टचा आतला व्यास ७.५ सेंमी असेल तर लांबी १६ सेंमी येते. १० सेंमीला ३१. १५ सेंमीला तब्बल ७५, म्हणजे बॉक्समध्ये मावतच नाही. इथेच बहुतेक जण मोहात पडतात: बारीक पाइप छोटा आणि सोयीचा, म्हणून तोच लावतात. मग आवाज वाढवला की पोर्टमधून फुसफुस ऐकू येते, कारण त्या चिंचोळ्या नळीतून हवा फार वेगाने धावते. स्पर्धेवाले लोक दर घनफुटाला १२ ते १६ चौरस इंच पोर्ट ठेवतात. ५० लिटर म्हणजे पावणेदोन घनफूट, म्हणजे २१ ते २८ चौरस इंच. चार इंची पाइपचं तोंड जेमतेम साडेबारा.

माझ्या मते रोजच्या ऐकण्यासाठी, २००-२५० वॅटपर्यंत, चार इंची पाइप चालवून घ्यावा. फक्त दोन्ही तोंडांच्या कडा गोल कराव्यात. त्यावर जायचं असेल तर लाकडी स्लॉट पोर्ट करा: साधारण ३० गुणिले ४.२ सेंमीचं तोंड, ५० सेंमीच्या आसपास लांबी, बॉक्सच्या बाजूने एल आकारात वळवलेला.

पाइप प्लंबिंगच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी चालतो. ११० हे बाहेरचं माप असतं. आतलं माप पाइपच्या जाडीप्रमाणे बदलतं, तेव्हा दुकानातच टेप लावा आणि तो आकडा सूत्रात घाला. पाइपचं आतलं टोक समोरच्या भिंतीपासून किमान एक व्यास, म्हणजे १० सेंमी, लांब हवं. बॉक्सच्या खोलीत बसत नसेल तर पाइप रुंदीच्या दिशेने आडवा घाला, किंवा एल्बो लावून वळवा आणि लांबी मधल्या रेषेवर मोजा.

गमतीची गोष्ट म्हणजे हे ट्यूनिंगसुद्धा ऋतूप्रमाणे सरकतं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. २० अंशांना ३५ हर्ट्झवर असलेला बॉक्स ४५ अंशांना साडेछत्तीसच्या जवळ जातो. कानाला कळेलच असं नाही, पण ज्यांना मिलिमीटरवरून वाद घालायची हौस आहे त्यांनी लक्षात घ्यावं.

बाकीचे प्रकार

बँडपास बॉक्समध्ये सबवूफर आतल्या पडद्यावर असतो आणि आवाज फक्त पोर्टमधून बाहेर येतो. ठरावीक पट्ट्यात तो खरंच जोरदार वाजतो, पण पट्टा अरुंद, गणित कठीण, आणि कोन दिसत नसल्याने तो मरतोय हे कळतही नाही. डिक्की केबिनपासून वेगळी असलेल्या सेडानमध्ये, पोर्ट पार्सल ट्रेमधून किंवा सीटच्या मधल्या झरोक्यातून आत काढायचा असेल तर त्याला अर्थ आहे. पहिल्या बॉक्ससाठी नको. पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे पोर्टच्या जागी बसवलेला कॉइल नसलेला कोन, पोर्टचंच काम फुसफुस न करता करतो, पण महाग पडतो. बॉक्सशिवाय ट्रेवर नुसता सबवूफर ठोकणं क्यूटीएस ०.७च्या आसपास असलेल्या सबवूफरलाच झेपतं.

लिटरवरून कागदी माप

गणितातले लिटर म्हणजे आतली मोकळी हवा. त्यात सबवूफरने आत व्यापलेली जागा, आतल्या आडव्या पट्ट्या आणि पोर्टची जागा मिळवली की बॉक्सचं आतलं एकूण माप मिळतं. १२ इंची सबवूफर ३ ते ४ लिटर खातो.

पाठ सीटला टेकणारा तिरका बॉक्स घ्या. वरची खोली २२, खालची ३२, उंची ३६ सेंमी, १८ मिलिमीटर जाडी. आतली उंची ३२.४, सरासरी खोली २३.४. रुंदी बाहेरून ६२ ठेवली तर आतून ५८.४, आणि एकूण ४४ लिटरच्या थोडं वर. सबवूफर आणि पट्ट्या वजा केल्या की ४० लिटर उरतात. झाला आपला सील्ड. तोच आकार बाहेरून ८० सेंमी रुंद केला की आतून ५८ लिटर. त्यातून सबवूफर, पट्ट्या आणि ३१ सेंमीचा पाइप वजा केला की ५० उरतात. झाला पोर्टेड. दोघांत फरक फक्त १८ सेंमी रुंदीचा आहे, आणि बऱ्याच हॅचबॅकच्या डिक्कीत तेवढी जागा निघते. जागा असेल, फिल्टर असेल आणि सबवूफरचा कागद परवानगी देत असेल, तर मी पोर्टेडच सुचवीन.

पाइप बाजूच्या फळीतून काढला तर डिक्कीच्या भिंतीपर्यंत दहा-बारा सेंमी मोकळे ठेवा, नाहीतर पोर्टचं तोंड दाबलं जाऊन ट्यूनिंग खाली सरकतं.

सुताराकडे

सुताराला 'स्पीकरचा बॉक्स' म्हणून सांगू नका. तो किचन ट्रॉलीच्या हिशेबाने करून देईल. कागदावर प्रत्येक फळीचं माप लिहून द्या आणि सांगा की हा खोका हवाबंद हवा आहे.

एमडीएफ १८ मिलिमीटर गुळगुळीत कापला जातो आणि स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात डिक्कीत पाणी शिरलं की कडा फुगतात. मी चांगल्या प्लायचा पक्ष घेईन. आयएस ७१० शिक्का असलेला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय महाग असतो, पण पाण्याला दाद देत नाही. तो परवडत नसेल तर एमडीएफच घ्या आणि आतून-बाहेरून, विशेषतः कापलेल्या कडांना, फेविकॉल किंवा सीलर पाजा. पार्टिकल बोर्ड नको. सबवूफरचे स्क्रू त्यात टिकत नाहीत.

प्रत्येक जोडावर फेविकॉलची सलग रेघ, मग स्क्रू, आणि स्क्रूआधी बारीक भोक, नाहीतर एमडीएफची कड उलते. समोरची फळी दुहेरी केली तर उत्तम, पण लिटर पुन्हा मोजा. मोठ्या फळ्यांना मधोमध आडवी पट्टी द्या. फळीवर मुठीने ठोका: ढब असा बोथट आवाज आला पाहिजे. घुमला तर अजून एक पट्टी. आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरा आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, किमान दिवसभर, सबवूफर बसवू नका. ती वाफ बंद खोक्यात सबवूफरच्या धातूला आणि गोंदाला बरी नाही.

सील्ड बॉक्स थोडा लहान पडत असेल तर आत पॉलिस्टरची भरण भरा, उशीत असते ती. हवा दाबली जाताना जी उष्णता तयार होते ती धागे शोषतात आणि बॉक्स साधारण १० ते २० टक्के मोठा असल्यासारखा वागतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, तेव्हा गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस कोंबायचा मोह होईल. तो ओल धरतो, बसतो, गोळा होतो. नको. पोर्टेडमध्ये भरण भरू नका. फार तर भिंतींना पातळ थर, पोर्टपासून लांब.

गळती तपासायची रीत: बॉक्स टेबलावर ठेवा, मोबाइल जोडून सबवूफरवर ३० हर्ट्झचा टेस्ट टोन हळू आवाजात लावा आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवा. धुराची सरळ रेघ जिथे थरथरून तुटते तिथे फट आहे. वायरचं टर्मिनल आणि सबवूफरच्या रिंगखालची गॅस्केट या दोन जागा हमखास गळतात. कार्पेट नंतर चिकटवा.

वायर, अ‍ॅम्प आणि शेवटची जुळवणी

वायरिंगचं थोडक्यात. बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज हवाच. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअम आहे. तिच्यात जास्त व्होल्ट वाया जातात. दोन कॉइलच्या ४ ओहम सबवूफरला समांतर जोडलं तर २ ओहम, एकापुढे एक जोडलं तर ८. अ‍ॅम्प २ ओहम झेपवतो का, हे आधी वाचा.

बॉक्स गाडीत ठेवल्यावर पोर्टचं ट्यूनिंग खरंच कुठे आलं ते पाहता येतं. ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येत टोन वाजवा, आवाज मध्यम ठेवा. एक बोट कोनाच्या कडेवर, दुसरा हात पोर्टसमोर. ५०ला कोन बोटाखाली स्पष्ट थडथडतो. खाली येताना एका ठिकाणी तो जवळजवळ निपचित पडतो आणि पोर्टची हवा तळहातावर जोरात लागते. तोच खरा आकडा. ३५च्या ऐवजी ३८ निघाला तर पाइप थोडा लांब करा, ३२ निघाला तर कापा. म्हणून पाइप पहिल्यांदा दोन-तीन सेंमी जास्तच ठेवावा.

हॅचबॅकमध्ये सबवूफरचं तोंड मागच्या दरवाजाकडे करून पाहा. बहुतेकदा तसाच जास्त भरतो. पण बॉक्स फिरवून, पुढे-मागे सरकवून, ड्रायव्हरच्या सीटवरून ऐकणं याला पर्याय नाही. लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपास. मग अ‍ॅम्पवरची फेज (कोन आधी पुढे जातो की मागे) ० आणि १८० अशी बदलून ठेका पुढच्या स्पीकरमधून आल्यासारखा जिथे वाटेल तिथे सोडा. गेन हा आवाजाचा खटका नाही. स्टिरिओ तीन-चतुर्थांश वाढवून, आवाज फाटायच्या आधी गेन थांबवायचा.

आता नंबर प्लेट, पार्सल ट्रे आणि मागच्या दरवाजाची आतली प्लास्टिक पट्टी खडखडेल. तिथे फोमची पट्टी किंवा डॅम्पिंग शीट लावा. शेतात किंवा खळ्यात उभी राहणारी गाडी असेल तर पोर्टच्या आतल्या टोकाला मोठ्या भोकांची जाळी बसवा, म्हणजे उंदीर आत घर करत नाही. बारीक जाळी नको, ती हवा अडवते आणि शिट्टी मारते. पहिला उन्हाळा गेल्यावर सबवूफरचे स्क्रू एकदा आवळा. लाकूड सुकतं, गॅस्केट बसते आणि रिंग किंचित सैल होते. आवळताना एकापाठोपाठ न जाता समोरासमोरचे स्क्रू घ्या, म्हणजे रिंग वाकणार नाही.